कर्णे थांबले तेव्हा
खोटं बोललो तर पुढचा पुलाव घशाखाली उतरू नये. ताश्कंदच्या आमच्या प्रयोगशाळेतला लेझर सकाळी सातला कायमचा उचलणार होते. त्याच्या झोताने अणूतून उपटलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी निघतो, स्वतःलाच भेटतो आणि पडद्यावर पट्टे उमटतात. ते पाहायला म्हातारे प्रोफेसर अकरा वर्षं झुरले. नेमके त्याच पहाटे शेजारी लग्नाच्या पुलावाच्या पंक्तीसाठी लांब पितळी कर्णे वाजले, आरसे थरथरले, पडदा धूसर झाला. “घटकाभर कर्णे आवरा रे,” ते विनवायला गेले. “दोमला, अहो गुरुजी, रिकाम्या पोटी भांडायला येतात का? बसा,” म्हणत नवरदेवाच्या बापाने त्यांना मानाच्या जागी बसवलं. कर्णेवालेही जेवायला बसले. इकडे पडद्यावर चार पट्टे उमटले. मी धावत जाऊन लग्नघराच्या दारातून चार बोटं दाखवली. प्रोफेसरांनी पाहिली, पण जेवणानंतरची मौलवींची दुवा संपेपर्यंत पंक्तीतून उठतो कोण? सात वाजले, तेव्हा दुवेत एकेका पूर्वजाचं नाव घेत मौलवी नुकते नवरदेवाच्या पणजोबांपर्यंत पोचले होते.