शुद्ध पाल्याची राख

माळ्याने चाळणी हलवली आणि तोंड फिरवलं. पाल्यापाचोळ्याची राख कशी पिठासारखी मऊ, करडी असते. नाकाशी नेली तर फार फार तर शिंक येते. ही काळीकुट्ट होती, बोटांना चिकटत होती आणि जळक्या रबराची घाण मारत होती. चाळणीत उरल्या होत्या वितळून गोळा झालेल्या सलाइनच्या नळ्या, कापसाचे कोळसे आणि एक सुई.

वॉर्डातला कचरा नेणारी गाडी पंधरा दिवस फिरकली नव्हती. म्हणून रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी तो माळ्याच्या पाल्याखाली सारून काडी लावली होती. एवढ्यावर न थांबता ती राख सकाळीच जातीने पसरून पालकाचा अर्धा वाफा काळा करून ठेवला होता.

"साहेब, हा पालक पेशंटांच्या सूपात जातो."

"अहो, आगीत सगळं शुद्ध होतं. उरलेली पसरा पटकन, बाई फाटकात उतरल्यात." बाई म्हणजे 'हिरवं रुग्णालय' बक्षिसाच्या परीक्षक. "रुग्णालयाचं नाव राखा, माळीबुवा."

"नावाची राख करा म्हणताय?"

"पुढच्या महिन्यात कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

माळी अकरा वर्षं तात्पुरता होता. त्याने राखेचं घमेलं उचललं, वाफ्यापर्यंत नेलं आणि तसंच धरून उभा राहिला.

"वा! राख कसली वापरता?" बाईंनी विचारलं.

"शुद्ध पाला. सगळं आपल्याच आवारातलं, बाहेरचं कणभर नाही," व्यवस्थापक म्हणाले. 'आवारातलं' हे खोटं होतं असंही म्हणता येईना. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली.

आचारी टोपली घेऊन आला. "सरका बुवा, साडेअकराचं सूप आहे."

माळ्याने घमेलं खाली ठेवलं. वाकून काळं पडलेलं एक पान खुडलं आणि व्यवस्थापकांपुढे धरलं.

"बाईंसमोर साहेबांनीच चव घ्यावी. मग काढू दे याला."

व्यवस्थापक हसले. "मला पालक वर्ज्य आहे. मुतखडा."

"मग कोथिंबीर देतो. तिलाही हीच राख घातलीय तुम्ही."

बाईंचं पेन थांबलं. आचाऱ्याची टोपली रिकामीच राहिली.

"द्या, पालकच द्या," म्हणत व्यवस्थापकांनी हात पुढे केला. मग काहीतरी आठवल्यासारखा मागे घेतला, खिशातून रबरी हातमोजे काढले, एकेक बोट ओढून नीट चढवले आणि पान चिमटीत धरलं.