चोचीचा रंग

"अहो, तो पाहा. त्या दगडावर."

पुष्पलता अंबाझरी तलावाच्या पाळीवर थांबली होती. आंध्रच्या किनाऱ्यावर मोठं वादळ होऊन गेलं होतं. नागपुरावरही दोन दिवस ढग होते. तलावाचं पाणी मातकट दिसत होतं. आनंदरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

काळीभोर पाठ. पांढरं कपाळ. काळी, सरळ चोच. पंख सैल सोडून दमून बसलेला.

आनंदरावांनी दुर्बीण नीट जुळवून पुन्हा पाहिलं. हा तलावावरचा पक्षी नव्हताच. हा भर समुद्रावरचा सुरय, वादळानं ढकलत इथवर आणलेला. पुस्तकातलं त्याचं चित्र त्यांनी कितीदा पाहिलं होतं, शाळेत चित्रकलेचे मास्तर असल्यानं स्वतः रंगवलंही होतं. वीस वर्षं ते रविवारी या पाळीवर येत होते, ते असं काही दिसावं म्हणूनच.

आणि तो आधी त्यांना दिसला नव्हता. पुष्पलतेला दिसला होता. लेकीचं लग्न झाल्यावर घरी करमत नाही म्हणून गेल्या साली ती त्यांच्यासोबत यायला लागली होती.

"हा नेहमीचा नाही न?" तिनं विचारलं.

"नेहमीचाच आहे. नदीवरचा सुरय."

"पण पाठ काळी दिसून राहिली."

"ढगाळ आहे वं. अशा उजेडात राखाडी रंग काळाच दिसते."

"अन् चोच?"

नदीवरच्या सुरयाची चोच पिवळी असते, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"पिवळी," आनंदराव म्हणाले.

"दुर्बीण द्या न जरा."

"त्यात काय पाहायचं?" त्यांनी दुर्बीण स्वेटरच्या आत सारली.

तेवढ्यात गणपतराव सायकल ढकलत पाळीवर चढले. गळ्यात कॅमेरा होता. शहरातल्या पक्षी पाहणाऱ्यांचं मंडळ तेच चालवत. काही वेगळं दिसलं की पाहणाऱ्याच्या नावानिशी छापून आणत. मागच्या महिन्यात बाभळीतलं घुबड पुष्पलतेनं दाखवलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मास्तर, आता वहिनीच्या मागं मागं चालत जा." सगळे हसले होते. आनंदरावही हसले होते.

"काय गा मास्तर, वादळानं काही आणलं का?"

आनंदराव पाण्याकडे पाहत राहिले. एक शब्द पुरला असता. पण छापून आलं असतं ते तिचं नाव.

"तुमच्या वहिनीलेच विचारा," ते म्हणाले. "नजर तिची."

गणपतराव पुष्पलतेकडे वळले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे.

"काही नाही भाऊजी. नदीवरचाच एक सुरय बसून आहे."

"तो तर रोजचाच. मग मी तेलंगखेडीच्या तलावावर जाऊन पाहतो."

त्यांनी सायकल वळवली. आनंदरावांचं तोंड उघडलं. "गणपतराव," ते म्हणाले, पण इतकं हळू, की ते पुष्पलतेलाच ऐकू आलं. सायकल उतारावरून खाली गेली.

दगडावरच्या पक्ष्यानं पंख उघडले आणि पुन्हा मिटले.

पुष्पलतेनं हात पुढे केला. या वेळी आनंदरावांनी मुकाट्यानं दुर्बीण काढून दिली. ती बराच वेळ पाहत राहिली. मधेच तिनं पदरानं काचा पुसल्या आणि पुन्हा पाहिलं. आनंदराव तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

मग तिनं दुर्बिणीचा पट्टा त्यांच्या गळ्यात अडकवला. स्वेटरमध्ये दुमडलेली कॉलर नीट केली.

"पिवळीच आहे," ती म्हणाली, आणि पाळ उतरायला लागली.