फॉर्मवर नसलेले दोन थेंब

बाटलीतलं पाणी पिवळं झालं आणि कारखान्याचे साहेब खूश झाले. "म्हणजे शुद्ध," ते म्हणाले. "आमच्या कॉलनीतही हेच थेंब टाकून बघतात. पिवळं झालं की बिनधास्त प्यायचं."

सरकारकडून पाणी तपासायला आलेल्या ताई बाटलीकडे बघत राहिल्या. खरं तर क्लोरीन ओळखायचे हे थेंब त्यांनी टाकायचं काही कारणच नव्हतं. सरकारी फॉर्मवर बावीस रसायनांची नावं होती, त्यात क्लोरीन नव्हतं. पण या कामावर येण्याआधी बारा वर्षं त्यांनी शहरातल्या नळांचं पाणी तपासलं होतं, आणि जित्याची खोड सहजी जात नाही. बाटली हातात आली की दोन थेंब आपोआप पडायचे.

जाळीच्या कुंपणापलीकडे वस्ती होती. आठ वर्षांपूर्वी कारखान्याच्या टाकीतलं रसायन जमिनीत झिरपलं आणि वस्तीतल्या विहिरींना थिनरचा वास यायला लागला. तेव्हापासून कारखाना जमिनीखालचं पाणी साफ करत होता आणि वस्तीला रोज शहरातल्या नळाच्या पाण्याचा एक टँकर पाठवत होता. तोही न्यायालयाने कान उपटल्यावर. आज कुंपणालगतच्या चार नंबरच्या बोअरचं पाणी चांगलं निघालं की ताईंनी सही करायची होती. सही झाली की सोमवारपासून टँकर बंद, आणि साठ घरांनी पुन्हा त्याच विहिरींवर जायचं.

"साहेब, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कारण आपण ते टाकतो," ताई म्हणाल्या. "जमिनीच्या पोटात कोणी टाकलं?"

"आता शुद्धीकरण म्हटलं की थोडं इकडचं तिकडे होणारच. तुम्ही आपलं फॉर्मवर आहे तेवढंच बघा ना."

ताईंचं डोकं तडकलं. याच माणसाने सकाळी फाटकावर गोड हसून सांगितलं होतं, बोअरमधलं साचलेलं पाणी आम्ही आधीच उपसून ठेवलंय, तुमचा तासभर वाचला. आणि ताईंनी त्याचे चक्क आभार मानले होते. नियम सांगतो, नमुना घेण्याआधीचा उपसा आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवा. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

"पंप लावा."

"पुन्हा?"

"पुन्हा. मी थांबा म्हणेपर्यंत."

पाइपचं तोंड जाळीवरून बाहेरच्या गटारात सोडलं होतं. पाणी धो धो पडायला लागलं, दिसायला अगदी स्वच्छ. दर दहा मिनिटांनी ताई बाटली भरत होत्या, थेंब टाकत होत्या. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी मात्र फिकी पडली, आणि तिला नाक लावलं तर थिनरचा वास आला. मंद होता, पण न ओळखण्यासारखा नव्हता.

ताईंनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'नमुना बाद. बोअरमध्ये बाहेरचं पाणी ओतलेलं आहे. टँकर चालू ठेवावा.' खाली सही ठोकली.

"बाहेरचं म्हणजे कुठलं?" साहेबांचा आवाज चढला. "काहीतरी पुरावा आहे का तुमच्याकडे?"

तेवढ्यात जाळीपलीकडे भांड्यांचा आवाज झाला. हंडे, बादल्या, रंगाचे रिकामे डबे घेऊन बायका गटारापाशी जमल्या होत्या. सगळ्यांत पुढे शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या, गळ्यात टेप तशीच लटकलेली. त्यांनी पाइपखाली हंडा लावला.

"काकू, थांबा, ते भरू नका," म्हणत ताई धावत बाहेर गेल्या.

"मग काय करू? दोन दिवस टँकर नाही आमच्याकडे," काकू म्हणाल्या. "कारखान्यात शिरताना दिसतो, तासाभराने रिकामा बाहेर पडतो. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, आत जास्त गरज आहे."

ताईंनी वळून पाहिलं. "साहेब, टँकर बोअरमध्ये रिकामा केलात?"

साहेबांनी मोबाइल कानाला लावला आणि जाळीकडे पाठ फिरवली. तोंडचं पाणी पळवणं हा वाक्प्रचार ताईंनी शाळेत पाठ केला होता. तो कोणी असा शब्दशः करून दाखवेल, तेही त्यांच्या एका सहीसाठी, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

काकूंना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे हे टँकरचं पाणी? मग आमचंच आहे की ते," त्या म्हणाल्या आणि हंडा नीट पाइपखाली सरकवला.

ताई खाली वाकल्या. हंड्यातून तोच थिनरचा वास येत होता. त्यांनी भरत आलेला हंडा दोन्ही हातांनी आडवा केला.

"होतं, काकू."