टायमिंग चेनचा लॉक

लोहाऱ्यात प्रसेनजितची जीप आठ दिवसांपासून इंजिन उघडून दारात उभी होती. टायमिंग चेन तो स्वतःच बदलणार होता, पण चेन बसवताना इंजिन हलू न देणारा लॉक कुठंच मिळेना. एका मिस्त्रीनं जळकोटला पाठवलं, जळकोटच्यानं ढोकीला. एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत तो आण्णासाहेब मिस्त्रींकडं पोचला.

"व्हय, लॉक माझाच," ते म्हणाले. "पण दोन वर्सांखाली आमचा पोरगा योगीराज लोहाऱ्याच्या कुण्या प्रसेनजितला देऊन बसला. त्या माणसानं माघारी आणलाच न्हाय."

प्रसेनजितला जीपच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला लॉक आठवला.

"तुमी कोण्या गावचे, पाव्हणं?"



"जळकोटचा."