पती हयात : होय / नाही

समीक्षाच्या स्क्रीनवर आईच्या नावाआधी 'श्रीमती' आलं. श्रीमती ज्योत्स्ना धर्मेंद्र भोयर. समीक्षाला स्वतःचाच राग आला. एवढीशी अट आपल्याला नीट लिहिता येऊ नये?

वर्ध्यातल्या एका महिला मंडळाची वेबसाइट ती बोरगाव मेघेच्या घरी बसून करत होती. सदस्यांच्या यादीचं पान तेवढं उरलं होतं; अर्जांवरची माहिती मंडळाने टाइप करून पाठवली होती, पडताळायला कागदी अर्जही दिले होते. अध्यक्ष सुलोचनाबाईंनी बजावलं होतं, बाकी काही चुकलं तरी चालेल, पण सौ. आणि श्रीमतीचा घोळ नको. मागच्या छापील यादीत त्यांनी एकीचा धडधाकट नवरा स्वर्गात धाडला होता. त्या बाई अजून त्यांच्याशी बोलत नव्हत्या. म्हणून समीक्षाने पानावर नावं आपोआप भरणाऱ्या टॅगमध्ये एका ओळीची अट घातली होती: अर्जात 'पती हयात' समोर होय असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती'.

आईचं काय झालं असेल ते तिला लगेच उमगलं. बाबा अकरा वर्षांपूर्वी समुद्रपूरच्या दुकानासाठी माल आणायला म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. वाट बघणाऱ्या बाईने या प्रश्नासमोर लिहावं तरी काय? रकाना कोरा सोडला असणार. आणि टॅगांची ही भाषा मोठी निर्दय. कोऱ्या रकान्याला ती सरळ 'नाही' समजते. समीक्षाने अट बदलली. रकाना कोरा असेल तर नावाआधी काहीच येऊ नये.

पान पुन्हा उघडलं. श्रीमती.

कागदी अर्जांचा गठ्ठा टेबलावरच होता. तिने त्यातून आईचा अर्ज काढला. 'नाही'वर निळ्या शाईची ठळक खूण होती. खाली आईची सही.

आई स्वयंपाकघरात विळीवर वांगी चिरत बसली होती. समीक्षाने अर्ज पुढे धरला. हे चुकून झालं ना, एवढंच तिने विचारलं.

चुकून नाही, आई म्हणाली. समीक्षा बारावीत असताना नागपूरहून पोलिसांचा फोन आला होता. मामासोबत जाऊन आईने बाबांच्या मृतदेहाची ओळख पटवली. सगळं तिथेच उरकलं, आणि लग्नाला गेलो होतो असं घरी सांगितलं. तोंडाने सांगणं काही जमलं नाही. अर्ज पोरीच्याच हातात जाणार हे ठाऊक होतं, म्हणून खूण केली.

सहा वर्षं. दरवर्षीची वटपौर्णिमा.

"मंग कुंकू काऊन लावत राह्यली तू?"

आईने विळी बाजूला सरकवली.

"तू कालेजातून आली का चप्पल काढाच्या आधी माह्या कपाळाकडे पाहे."