कढईवरचं नाव

गोपिकाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या झाडून साऱ्या भांड्यांवर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. रुपरावांनी मात्र तीस वर्षांत एकदाही गॅस पेटवला नव्हता.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते बायकोला हौसेनं इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला घेऊन गेले. "लय राबली वं तू. आता तुह्या पसंतीचं घे. नावही तुहंच टाकू."

वाटेत बर्डीवर गोपिकाबाईंनी नवशिक्यांसाठीचं पाककृतींचं पुस्तक घेतलं. दुकानात चकचकीत कढई घेतली, तवा घेतला, एक लांब दांड्याचा झाराही घेतला.

दुकानदारानं नाव कोरायचं मशीन हातात धरलं. "कोणाचं नाव टाकू, काकू?"



"ह्यायचंच टाका, भाऊ. पुस्तकही ह्यायच्यासाठीच घेतलं."