शेजारचं विमान

संतपूरचे किशनराव आणि त्यांची उदगीरची भाची मंजुश्री दर रविवारी आपापल्या घरून कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात एकत्र उडत. आज ती स्वतः बनवलेलं विमान घेऊन आली होती, पण किशनरावांच्या पडद्यावर नुसतं आभाळ होतं.

"मामा, तुमच्या शेजारीच उडायलेय की मी! चष्मा तरी लावलाय का?" फोनवर मंजुश्री हसली. मग तिनं एकेक गोष्ट तपासायला लावली. दोघांचा सर्व्हर एकच होता. इतरांची विमानं दाखवायची सोय चालू होती.

"मग एकच राह्यलं. मी पाठवलेली विमानाची फाईल तुमच्याकडं असली तरच माझं विमान तुमाला दिसतंय. हाय नव्हं?"

"हाय की," किशनराव म्हणाले. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून ती फाईल त्यांनी परवाच, न उघडता, पुसून टाकली होती.

"मग माझ्याच कामात खोट हाय. तीन महिने वाया गेले. जाऊ द्या, पुसते अन् पयल्यापासून करते."

"अगं, पुसू नको!" किशनराव घाईघाईनं म्हणाले. "दिसलं, दिसलं. आत्ताच आलं बघ."

"खरंच?" तिचा आवाज एकदम खुलला. "मग पंखावर कुणाचं नाव लिवलंय, वाचा बघू."

रिकाम्या आभाळाकडं बघत किशनरावांनी अंदाज केला. "तुझंच की गं."



"तुमचं हाय, मामा."